मनी गेली : सुतक नसलेल्या दुःखाविषयी

मराठीत मरणासाठी क्रियापदांची कमतरता नाही. माणूस जातो, वारतो, निवर्ततो, त्याला देवाज्ञा होते. वारकरी वैकुंठवासी होतो, संत समाधिस्थ होतात. मांजर मात्र मरते. चौदा-पंधरा वर्षे घरात वावरलेल्या जिवाबद्दल 'मेली' म्हणवत नाही, म्हणून घरातली माणसे चाचरत 'आमची मनी गेली' असे म्हणतात. आणि ऐकणारा अगदी सहज विचारतो, 'कुठे गेली? येईल की परत!' त्यात दुष्टपणा नसतो. 'गेली' या शब्दाचा तो अर्थ मांजराच्या बाबतीत त्याच्या कानांवर कधी पडलेलाच नसतो. मग खुलासा करावा लागतो. खुलाशानंतर एक 'अरेरे' येते आणि त्याच्या पाठोपाठ ठरलेले वाक्य, 'दुसरे आणा की एखादे पिल्लू!'

माणसाच्या मरणाभोवती आपण केवढी मोठी व्यवस्था उभी केली आहे. दहा दिवसांचे सुतक, घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून येणारा पिठलंभात, भेटायला येणाऱ्यांची रीघ, दहावा, तेरावा, मग वर्षश्राद्ध. सुतकामागची मूळ कल्पना अशौचाची, म्हणजे विटाळाची आहे हे खरे. पण तिच्या आडून घडते ते असे की शोक करणाऱ्याला काही दिवस कामातून सुटका मिळते, त्याच्यापाशी लोक येऊन बसतात आणि एका ठरावीक दिवशी त्याला पुन्हा माणसांत आणले जाते. मांजर गेल्यावर यातले काहीच होत नाही. आदल्या रात्री मांडीवर शेवटचा श्वास घेतलेल्या मांजराला पुरून माणूस सकाळी नऊ-चाळीसची लोकल पकडतो आणि डोळे का सुजलेत असे कोणी विचारले तर 'सर्दी' म्हणतो.

हे दुःख खरे असते का, हा प्रश्न आता मानसशास्त्राने जवळपास निकालात काढला आहे. त्याहून अवघड प्रश्न पुढचा आहे. खऱ्या दुःखाला वाहून जायला वाट लागते. ती मांजराच्या बाबतीत आपल्याकडे का नाही, इतरत्र कशी होती, आणि आज ती घालायची तर कशी?

उतरवलेल्या भुवया

मांजर आणि माणूस यांच्या सहवासाचा एक अतिशय जुना पुरावा दफनातच सापडलेला आहे. सायप्रस बेटावरील शिलूरोकांबोस या नवाश्मयुगीन वस्तीत सुमारे ९,५०० वर्षांपूर्वी एका माणसाला पुरले होते. त्याच्यापासून जेमतेम ४० सेंटिमीटरवर साधारण आठ महिन्यांच्या मांजराचा अखंड सांगाडा मिळाला. फ्रेंच पुरातत्त्वज्ञ झाँ-दनी व्हीन्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली हा शोध प्रसिद्ध केला. सायप्रसवर मांजरे मूळची नव्हेत. ती समुद्र ओलांडून माणसानेच आणलेली असणार. या सांगाड्यावर मांसासाठी कापल्याच्या खुणा नाहीत. त्या मांजरासाठी कोणी रडले की नाही हे हाडे सांगत नाहीत, पण कोणीतरी त्यासाठी वेगळा खड्डा खणला एवढे निश्चित.

इजिप्तमध्ये मात्र शोकाची रीतच नोंदलेली आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात हिरोडोटस या ग्रीक इतिहासकाराने लिहून ठेवले की, एखाद्या घरातले मांजर आपल्या मरणाने मेले तर त्या घरातली सगळी माणसे भुवया उतरवतात. कुत्रा मेला तर डोके आणि सर्वांग भादरतात. मेलेली मांजरे बुबास्टिस या नगरात नेली जात, मसाले भरून तिथे पुरली जात. बुबास्टिस हे बास्तेत या मार्जाररूपी देवीचे क्षेत्र. भुवया उतरवण्याच्या या रिवाजातला शहाणपणा लक्षात घेण्यासारखा आहे. भुवया पुन्हा येईपर्यंत बरेच आठवडे लागतात. तोवर रस्त्यात भेटणाऱ्या प्रत्येकाला, एक शब्दही न बोलता, कळते की या घरात काय झाले आहे. 'सर्दी झाली' म्हणण्याची सोयही नाही आणि गरजही नाही.

त्याच्याही आधीचा, इसवी सनापूर्वी चौदाव्या शतकातला एक पुरावा अधिक जिव्हाळ्याचा आहे. राजा तिसरा आमेनहोतेप याचा थोरला मुलगा थुतमोस याने आपल्या मांजरीसाठी चुनखडीच्या दगडाची कोरीव शवपेटी करवून घेतली. ती आज कैरोत आहे. पेटीवर मांजरी नैवेद्याच्या मेजासमोर ऐटीत बसलेली कोरली आहे आणि तिचे नाव 'ता-मिऊ' असे दिले आहे. ता-मिऊ म्हणजे मांजरी. आपल्या 'माऊ'ची सख्खी बहीण शोभावी असा शब्द. विशेष म्हणजे त्या लेखात तिला 'ओसायरिस ता-मिऊ' म्हटले आहे. मृत माणसाच्या नावामागे जी उपाधी लावायची, तीच तिलाही लावली. राजपुत्राला आपल्या मांजरीच्या मरणासाठी वेगळे क्रियापद शोधावे लागले नाही.

या चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती झाकून चालणार नाही. पुढच्या काळात बास्तेतला नवस म्हणून मांजराची ममी वाहण्याची प्रथा वाढली आणि त्यासाठी मांजरे मुद्दाम वाढवून कोवळ्या वयात मारली जाऊ लागली. क्ष-किरण तपासणीत अशा अनेक ममींच्या माना मोडलेल्या आढळल्या आहेत. म्हणजे घरच्या मांजरीसाठी भुवया उतरवणाऱ्या समाजातच देवळाबाहेर मांजरांचा धंदाही चालला होता. त्या ममींचे पुढे काय झाले तेही ऐकण्यासारखे आहे. बेनी हसन येथे सापडलेल्या सुमारे १,८०,००० मांजरांच्या ममी १८९० साली जहाजाने लिव्हरपूलला नेण्यात आल्या. त्यांचे वजन सुमारे १९ टन भरले आणि शेतात खत म्हणून त्या विकल्या गेल्या. एका काळाचे पवित्र दुसऱ्या काळाचे खत होते. कुठल्या जिवासाठी रडायचे हे प्रत्येक समाज आपापले ठरवतो, हे यावरून कळते.

पाच घासांत मांजर नाही

आपल्याकडे प्राण्यांच्या मरणाला मानच नव्हता असे म्हणता येत नाही. ज्ञानदेवांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले असे मानतात त्या रेड्याची समाधी जुन्नर तालुक्यात आळे येथे आहे आणि लोक तिथे श्रद्धेने जातात. साताऱ्याजवळ संगम माहुली येथे शाहू महाराजांच्या खंड्या या कुत्र्याची समाधी दाखवतात. दावणीचा बैल गेला की शेजारपाजारचे शेतकरी येऊन बसतात, दोन शब्द बोलतात. ज्याच्या मानेवर शेत उभे राहिले त्याच्यासाठी मोठ्या बाप्याने डोळ्यांना पंचा लावला तरी त्याला कोणी हसत नाही. पोळ्याला आणि बेंदराला ज्याची पूजा होते, त्याच्या मरणाला घरातल्या माणसाच्या मरणाची कळा येते.

मांजराची जागा मात्र विचित्र आहे. ते घरात अगदी चुलीपर्यंत येते, पण धर्मव्यवहारात त्याला उंबऱ्याच्या आत घेतलेले नाही. श्राद्धाच्या वेळी पंचबली काढतात, म्हणजे पाच घास वेगळे ठेवतात : गाय, कुत्रा, कावळा, देवादिक आणि मुंग्या. ज्या मुंग्यांना हळद टाकून आपण एरवी हाकलतो त्यांनाही वाटा आहे, मांजराला नाही. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात मांजर मारण्याचे प्रायश्चित्त सांगितले आहे, आणि ते शूद्रहत्येच्या प्रायश्चित्ताइतके. या तुलनेने मांजराची किंमत वाढलेली नाही. माणसाची घटवलेली आहे. मांजर मारले तर काशीला सोन्याचे मांजर दान करावे लागते, हे तर आपण सर्वांनी आजीकडून ऐकलेले असते. म्हणजे मांजर मारण्याचे पाप परंपरेने तपशिलात मोजले, पण मांजर मरण्याच्या दुःखाबद्दल ती गप्प राहिली.

लोकभाषेनेही मांजराला फारसे प्रेम दिलेले नाही. ते आडवे जाते, डोळे मिटून दूध पिते, शिंक्याखाली टपून बसते. 'कुत्रा माणसाचा, मांजर घराचे' असे म्हणताना त्याच्या निष्ठेवरच शंका घेतलेली असते. ज्याने आपल्यावर प्रेम केलेच नाही त्याच्यासाठी रडणारा माणूस भाबडा ठरतो. आणि भाबडे ठरण्याची भीती शोकाला तोंड उघडू देत नाही.

हसण्याचा आडोसा

ही अडचण फक्त आपली नाही. युरोपातही मांजरासाठी रडायचे तर हसण्याचा आडोसा घ्यावा लागे. सोळाव्या शतकात जोआशिम द्यु बेले या फ्रेंच कवीने आपल्या बेलो नावाच्या करड्या मांजरावर दीर्घ मृत्युकविता लिहिली. तिच्यात थट्टा आणि खरी हळहळ यांची सरमिसळ इतकी आहे की एक संपून दुसरी कुठे सुरू होते ते कळत नाही. १७४७ साली इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोल याची सेलिमा ही मांजरी सोनेरी माशांच्या चिनी मातीच्या भांड्यात बुडून मेली. त्याचा मित्र, कवी टॉमस ग्रे याने सांत्वनाचे पत्र पाठवले, त्यात आधी विचारले की दोन मांजरींपैकी नेमकी कुठली गेली ते कळवावे, म्हणजे शोक कोणाचा करायचा ते ठरवता येईल. मग त्याने या मरणावर एक कविता केली. ती आजही इंग्रजी काव्यसंग्रहांत छापली जाते, पण ती शोकगीताची नक्कल आहे. तिच्या शेवटी तरुणींना मोहापासून सावध राहण्याचा उपदेश आहे. वॉलपोलने मात्र ते भांडे पुढे आपल्या स्ट्रॉबेरी हिल या वाड्यात चौथऱ्यावर मांडून ठेवले. मित्राच्या विनोदाला तो हसला असेल, पण ते भांडे काही त्याने टाकून दिले नाही.

मराठीत पु. ल. देशपांड्यांनी 'पाळीव प्राणी'मध्ये प्राणी पाळणाऱ्यांची यथेच्छ टिंगल केली आणि दोन-तीन पिढ्या त्यावर पोट धरून हसल्या. त्यात गैर काही नाही. प्राणिप्रेमात हसण्यासारखे पुष्कळ असते. एवढेच की मध्यमवर्गीय मराठी माणसाला या विषयावर हसण्याची भाषा उत्तम अवगत झाली, रडण्याची झालीच नाही. त्यामुळे मांजर गेलेला माणूस स्वतःच आधी विनोद करून मोकळा होतो. कोणी हसण्याआधी आपणच हसलेले बरे, असा तो हिशेब असतो.

दुःखाला नाव मिळाले

अशा गप्प राहिलेल्या दुःखाला केनेथ डोका या अमेरिकन अभ्यासकाने १९८९ साली एका ग्रंथातून नाव दिले. त्याला मराठीत 'हक्क नाकारलेला शोक' म्हणता येईल. डोका यांच्या मते प्रत्येक समाजात शोकाचे अलिखित नियम असतात : कोणी, कोणासाठी, किती दिवस आणि कशा रीतीने शोक करावा याचे. जो शोक या नियमांत बसत नाही त्याची कोणी दखल घेत नाही, त्याला सहानुभूती मिळत नाही, तो उघडपणे करता येत नाही. हे तीन कारणांनी घडते. कधी नातेच मान्य नसते, कधी झालेले नुकसान नुकसान मानले जात नाही, आणि कधी शोक करणाऱ्याला शोक करण्याइतका मोठा किंवा शहाणा समजले जात नाही.

मांजराच्या बाबतीत तिन्ही कारणे एकाच वेळी लागू पडू शकतात. घरातल्या सात-आठ वर्षांच्या मुलाचे उदाहरण घ्या. मांजराशी त्याचे नाते 'खेळायचे', म्हणून किरकोळ. मांजर 'पुन्हा मिळणारे', म्हणून नुकसान किरकोळ. आणि मूल 'दोन दिवसांत विसरेल', म्हणून त्याचे रडणेही किरकोळ. दुसऱ्या टोकाला, मुले परदेशी असलेली सत्तरीतली एकटी बाई. दिवसभरात ती जी पाच-पंचवीस वाक्ये मोठ्याने बोलते त्यातली वीस मांजरीशी असतात. मांजरी गेल्यावर तिच्या घरातला आवाजच बंद होतो. पण नवऱ्याच्या मरणानंतर महिनाभर तिच्याकडे येत राहिलेली माणसे या वेळी फिरकत नाहीत. त्यांना माया नाही असे नव्हे. या प्रसंगी यायचे असते हेच त्यांना कोणी सांगितलेले नाही.

नाव मिळाल्याने दुःख कमी होत नाही. पण 'मला काहीतरी झाले आहे, मी अति करते आहे' ही जी दुसरी टोचणी मूळ दुःखाच्या जोडीला बसलेली असते, ती उठते.

हाताला लागलेली सवय

मग मांजर गेल्यावर नेमके दुखते काय? पहिले उत्तर नात्याचे. मांजराला माणसाशी देणेघेणे नसते, हा समज आता टिकत नाही. अमेरिकेतील ओरेगन राज्य विद्यापीठात क्रिस्टिन व्हिटाले आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. मांजराच्या पिल्लाला अनोळखी खोलीत आधी त्याच्या माणसाबरोबर, मग एकटे, मग पुन्हा त्या माणसाबरोबर दोन-दोन मिनिटे ठेवायचे. तान्ह्या मुलांची आईशी असलेली जवळीक मोजायला जी पद्धत वापरतात तीच. सुमारे ६४ टक्के पिल्ले आपले माणूस परत येताच शांत झाली आणि त्याच्या भरवशावर खोली धुंडाळू लागली. त्याच वर्षी जपानमधील आत्सुको साइतो यांनी दाखवले की घरगुती मांजरे आपले नाव इतर शब्दांतून वेगळे ओळखतात. हाक मारल्यावर ती येत नाहीत, हा त्यांच्या स्वभावाचा भाग झाला.

दुसरे उत्तर सवयीचे आहे आणि ते अधिक खोल जाते. घरातले मांजर साधारण बारा ते अठरा वर्षे जगते. माणसाच्या आयुष्यात हा काळ म्हणजे एखाद्या मुलाचे बालवाडीपासून कॉलेजपर्यंतचे शिक्षण, दोन घरे, एखादे आजारपण, वडिलांचे जाणे. मांजर या सगळ्याला साक्षी असते, आणि ते गेले की तो सबंध कालखंडच संपल्यासारखा वाटतो. शिवाय त्याची हजेरी लहानलहान कृतींत मुरलेली असते. दुधाची पिशवी कापल्याबरोबर पायांत घुटमळणारे कोणी नसते. दार उघडताना ते बाहेर निसटू नये म्हणून पाय आडवा घालायची सवय पायाला असते. मांजर गेल्यावरही महिनोन्महिने पाय आडवा जातो. गणपतीत मखरात शिरून बसेल, दिवाळीत फटाक्यांनी पलंगाखाली दडेल, म्हणून केलेली तजवीज एकदम निरुपयोगी होते. बुद्धीला मरण एका क्षणात कळते. हातापायांना ते एकेक करून, रोज नव्याने कळत जाते. शेजाऱ्यांना वाटते आता सावरली असेल, तेव्हा नेमके हे कळणे चालू असते.

निर्णयाचे ओझे

पाळीव प्राण्याच्या मरणात एक गोष्ट अशी असते जी माणसाच्या मरणात आपल्यावर सहसा येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१८ मध्ये असाध्य रुग्णाचे कृत्रिम उपचार थांबवण्यास, काही अटींवर, मान्यता दिली. पण इंजेक्शन देऊन आयुष्य संपवणे भारतात आजही बेकायदा आहे. वडिलांच्या बाबतीत जो निर्णय कायदा आपल्याला घेऊ देत नाही, तो मांजराच्या बाबतीत एखाद्या संध्याकाळी दवाखान्याच्या बाकावर बसून आपल्यालाच घ्यावा लागतो. डॉक्टर भुलीच्या औषधाचा मोठा डोस देतात, मांजर आधी बेशुद्ध होते आणि मग श्वास आणि हृदय थांबते. त्याला वेदना होत नाहीत. पण सही आपली असते.

ही सही नंतर छळते, दोन्ही बाजूंनी. घाई केली का? उशीर केला का? त्यात 'आधी लक्षात कसे आले नाही' हा तिसरा प्रश्न मिसळतो. इथे थोडी माहिती उपयोगी पडते. मांजर शिकारी आहे तसेच मोठ्या प्राण्यांचे भक्ष्यही. निसर्गात दुबळेपणा दाखवणे त्याला परवडत नाही. त्यामुळे आजार लपवणे त्याच्या रक्तातच आहे. म्हाताऱ्या मांजरांत मूत्रपिंडाचा जुनाट विकार फार आढळतो, आणि मूत्रपिंडाची बरीचशी क्षमता संपल्यावरच तहान वाढणे, वजन घटणे ही लक्षणे ठळक दिसू लागतात. ज्याला ती दिसली नाहीत तो निष्काळजी होता असे म्हणता येत नाही. वेळेबद्दलही हेच. मांजर अन्नाला तोंड लावत नाही, अंग चाटून स्वच्छ करणे सोडून देते, कोपऱ्यात पाठ करून बसते आणि उपचारांनी यात फरक पडत नाही, तेव्हा नेमका 'योग्य' दिवस असा नसतोच. चार-सहा दिवसांचा पट्टा असतो आणि त्यातला कुठलाही दिवस निवडला तरी तो चुकल्यासारखा वाटतो. ती रुखरुख प्रेमामुळे असते. तिला गुन्हा समजू नये.

याउलट काही मांजरांबाबत निर्णय घेण्याची वेळच येत नाही, कारण ती एका रात्री बाहेर जातात आणि परततच नाहीत. कोकणात, गावाकडे, वाड्यांत हे फार घडते. आजारी मांजर आडोसा शोधत दूर जाते. कधी गाडीखाली येते, कधी कुत्री धरतात. पॉलिन बॉस या अभ्यासिकेने बेपत्ता झालेल्यांच्या कुटुंबांचा अभ्यास करून 'संदिग्ध वियोग' ही संकल्पना मांडली : मरण सिद्ध झालेले नाही म्हणून शोक सुरू करता येत नाही, आणि आशा सोडवत नाही म्हणून तो संपवताही येत नाही. अशा घरात रात्री खिडकी उघडी ठेवली जाते. काही महिन्यांनी घरातल्या सर्वांनी मिळून 'आता ती नाही असे धरूया' एवढे एकदा मोठ्याने म्हणणे, हाच तिथला अंत्यविधी.

संदुकीवरचा मासा

आता वाट घालण्याबद्दल. जपानी कादंबरीकार नात्सुमे सोसेकी याने १९०५-०६ मध्ये एका मांजराच्या तोंडून सांगितलेली कादंबरी लिहिली आणि तो देशभर प्रसिद्ध झाला. त्या कादंबरीला कारण झालेले घरचे मांजर १३ सप्टेंबर १९०८ रोजी मेले. सोसेकीने आपल्या शिष्यांना रीतसर मृत्यूची पोस्टकार्डे पाठवली. मांजराला शेवटपर्यंत नाव नव्हते, पण त्याच्या मरणाची बातमी टपालाने गेली.

यानंतर त्याने या मांजराच्या थडग्याविषयी एक छोटे टिपण लिहिले. त्यात तो स्वतःला सोडत नाही. मांजर आजारी होते, खंगत होते, तेव्हा घरात कोणी फारसे लक्ष दिले नाही. मेल्यावर मात्र एकाएकी सगळ्यांची धावपळ सुरू झाली. बागेत पुरून वर लाकडी फळी उभी केली, तिच्यावर सोसेकीने ओळी लिहून दिल्या, मुलींनी दोन्ही बाजूंना बाटल्यांत फुले ठेवली. दर पुण्यतिथीला त्याची पत्नी माशाचा एक तुकडा आणि वर सुक्या माशाचा कीस पेरलेला भात ठेवते. टिपणाच्या शेवटी तो सांगतो की अलीकडे ते ताट बागेपर्यंत जात नाही, बैठकीतल्या संदुकीवरच ठेवले जाते.

शोकाची संपूर्ण वाटचाल या तपशिलात आहे. आधी अपराधभाव, मग धावपळ, मग विधी, मग विधीचे हळूहळू घरात मुरणे. बागेतून संदुकीपर्यंत आलेले ताट म्हणजे विसर पडणे नव्हे. आठवण जवळ आली आहे. १९९६ साली डेनिस क्लास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शोकशास्त्रात हाच विचार सिद्धान्त म्हणून मांडला. गेलेल्याशी नाते तोडून 'पुढे जाणे' म्हणजे बरे होणे, ही जुनी कल्पना त्यांनी नाकारली. नाते टिकते, त्याचे रूप बदलते. वर्षानुवर्षे पितरांना वाडी दाखवणाऱ्या आपल्या समाजाला ही गोष्ट नवी वाटू नये.

आपल्याकडेही कोणी ना कोणी अशी वाट घातलेली आहे. महादेवी वर्मा यांनी 'मेरा परिवार'मध्ये गिल्लू या खारीविषयी लिहिले. तिला त्यांनी अंगणातल्या सोनजुहीच्या वेलीखाली पुरले, कारण तो वेल तिचा आवडता होता. अंगण असलेल्यांनी असे करायला काहीच हरकत नाही : खड्डा तीन-चार फूट खोल, शरीर प्लास्टिकमध्ये न बांधता सुती कापडात, वर आधी दगड आणि मग झाड. फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांना मातीच नसते. मुंबईत मालाडला महापालिकेची लहान प्राण्यांसाठीची दाहिनी २०२३ पासून सुरू झाली. ही सोय बाहेरून किरकोळ वाटेल, पण कचऱ्याच्या गाडीत टाकणे आणि अग्नी देणे यांत काय अंतर आहे ते ज्याच्यावर वेळ आली त्यालाच कळते.

घरात मूल असेल तर त्याला विधीतून वगळू नये, आणि 'झोपली', 'देवाने नेली', 'गावाला सोडली' असे तर मुळीच सांगू नये; मुले झोपेला घाबरतात, देवावर रागावतात किंवा गावाला जाण्याचा हट्ट धरतात. जुडिथ व्हिओर्स्ट यांच्या १९७१च्या एका बालपुस्तकात बार्नी हे मांजर मेल्यावर आई मुलाला सांगते की त्याच्याबद्दलच्या दहा चांगल्या गोष्टी आठव, आपण त्या पुरताना म्हणू. मुलाला नऊच आठवतात. दहावी त्याला नंतर बागेत सापडते : बार्नी आता मातीत राहून फुले वाढवायला मदत करतो आहे. स्वर्ग असतो की नाही या वादात न पडता पुस्तकाने मुलाच्या हाती एक काम दिले आहे. मोठ्यांनाही असेच काम लागते. काहींना फोटो निवडून लावणे, काहींना तिची वाटी गच्चीवर पाखरांच्या पाण्यासाठी ठेवणे, काहींना त्या दिवशी गल्लीतल्या मांजरांना मासे घालणे.

घरात दुसरे मांजर असेल तर तेही बदलते. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात सोबतचा प्राणी गेल्यानंतर मांजरे कमी खेळतात, कमी खातात, हरवल्यासारखी शोधत फिरतात असे पालकांनी नोंदवले. पालकांचे स्वतःचे दुःख त्यांच्या नजरेत उतरले असेल ही शक्यता अभ्यासकांनीही मोकळी ठेवली आहे. काही असो, त्या मांजराला काही दिवस जास्त वेळ दिल्याने दोघांचेही भलेच होते. नवे पिल्लू मात्र दुःखावरचा उतारा म्हणून लगेच आणू नये. गेलेल्याच्या सवयी त्याच्यात शोधल्या जातात आणि त्या सापडत नाहीत. ते केव्हातरी येईलच. मांजर सात घरे फिरून पिल्ले ठेवते, त्यातले एक घर आपले असते.

राहता राहिले शेजारी, नातेवाईक, कचेरीतले सहकारी. या दुःखाला रीत मिळणार असेल तर ती त्यांच्याकडूनच, कारण सुतकसुद्धा घरच्यांनी पाळायचे असले तरी ते मानायचे बाकीच्यांनी असते. त्यासाठी मोठे काही करावे लागत नाही. जावे, बसावे. 'दुसरे आणा' म्हणू नये, 'मांजरच होते ना' असेही म्हणू नये. नाव काय होते, किती वर्षांची होती, कुठे सापडली होती, एवढे विचारावे. सापडल्याची गोष्ट प्रत्येक मांजराला असते, बहुतेक वेळा ती पावसातली असते आणि ती सांगायला अर्धा तास पुरत नाही. ती ऐकून घ्यावी आणि निघताना, जमले तर, घरून नेलेला पिठलंभाताचा डबा ओट्यावर ठेवावा.